मीठ आणि प्राप्तिकर : साष्टीच्या मिठागरांवरून करपालटाचा एक इतिहास

राज्याने प्रजेकडून कर घ्यावयाचा तो तिच्या मिळकतीवर घ्यावा की तिच्या खर्चावर, हा वाद राजस्व-शास्त्राइतकाच जुना आहे. उत्पन्नावरील सर्व कर रद्द करून त्यांच्या जागी संपूर्ण देशासाठी विक्रीवरील एकच कर आणावा, अशा आशयाचे विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १९९९ पासून अनेकदा मांडले गेले आहे. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी योजना पुण्याच्या अर्थक्रांती प्रतिष्ठानाने आणि तिचे प्रवर्तक अनिल बोकील यांनी पुढे ठेवली. आयातशुल्काचा अपवाद सोडून प्राप्तिकरासह सर्व कर काढून टाकावेत आणि बँकेतील खात्यांत जमा होणाऱ्या रकमांवर एकच अल्पसा व्यवहारकर घ्यावा, असा तिचा गाभा होता. अशा योजनांची चर्चा बहुधा त्या सर्वस्वी नव्या आहेत असे गृहीत धरून होते. वस्तुस्थिती तशी नाही. प्राप्तिकर उठवून राज्याच्या उत्पन्नाचा भार नित्य वापराच्या वस्तूवर ठेवण्याचा प्रयोग हिंदुस्थानात प्रत्यक्ष झालेला आहे, आणि ती वस्तू ज्या ठिकाणी तयार होत असे त्यांपैकी काही ठिकाणे आजच्या मुंबई उपनगरांत मोडतात.

साष्टी बेटाच्या पूर्व अंगाला, ठाण्याच्या खाडीलगत, मुलुंड, भांडुप, कांजूर आणि घाटकोपर येथील खाजणांत मिठागरे होती. काहींचे अवशेष अद्याप दिसतात. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाच्या राशी करावयाच्या, हा येथील उद्योग प्राचीन असून तो करणाऱ्या आगरी समाजाचे नावच आगरावरून पडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला, आणि मुलुंड तर बृहन्मुंबईत १९५७ साली आले. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे हा पहिला लोहमार्ग याच मिठागरांच्या शेजारून गेला.

करवसुलीच्या दृष्टीने मिठासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. ती थोड्या ठराविक जागी पिकते, तिच्यावाचून कोणाचे चालत नाही आणि तिला पर्याय नसतो. मिठागराच्या तोंडाशी चौकी बसवली, परवान्याशिवाय मीठ काढण्यास व रवान्याशिवाय ते हलवण्यास मनाई केली, की पुढे देशभर पसरलेल्या कोट्यवधी ग्राहकांपैकी एकाचेही नाव सरकारला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. मुंबई इलाख्यात १८७३ आणि १८९० च्या मीठविषयक कायद्यांनी हीच व्यवस्था पक्की केली. उत्तर हिंदुस्थानात याच हेतूने लांबच लांब काटेरी कुंपण उभारले गेले होते. ते १८७९ मध्ये सोडून देण्यात आले, कारण मीठ उगमाशीच ताब्यात आल्यावर त्याचे प्रयोजन संपले. याउलट प्राप्तिकर घ्यावयाचा तर सरकारला प्रत्येक करदात्याचे दार ठोठवावे लागते, त्याची वही पाहावी लागते आणि त्याचा रोष पत्करावा लागतो. पुढील इतिहासातील पुष्कळशा गोष्टी या एका भेदावरून उलगडतात.

१८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. दोनशे रुपयांपर्यंतचे उत्पन्न त्यातून मोकळे होते, पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यावर शेकडा चार असा दर होता. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन याने या कराला उघड विरोध केला, आपले टिपण वृत्तपत्रांत छापू दिले आणि त्यापायी अधिकारपद गमावले. एका इलाख्याचा गव्हर्नर मिठावरील करासाठी असा कधी पदच्युत झाला नाही, ही बाब नजरेतून सुटू नये. विल्सनचा कर १८६५ मध्ये संपला. नंतर परवाना-कर, प्रमाणपत्र-कर आणि १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग झाले, आणि १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक याने प्राप्तिकर साफ काढून टाकला. युरोपीय व्यापारी, सरकारी अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले हिंदी लोक यांचे एकमत होण्याचे प्रसंग त्या काळी फार नव्हते. हा त्यांपैकी एक होता.

त्याच अवधीत मुंबई इलाख्यातील मिठावरील कराचे काय झाले ते पाहिले पाहिजे. १८६१ मध्ये दर मणी १ रुपया ४ आणे, १८६५ मध्ये १ रुपया ८ आणे, १८६९ मध्ये १ रुपया १३ आणे अशी त्याची चढण आहे. १८६५ हे प्राप्तिकर संपल्याचे वर्ष होय. पुढे १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला असता, १८७७ मध्ये, हा दर एकदम २ रुपये ८ आण्यांवर नेण्यात आला. सबंध देशातील मीठकर एका पातळीवर आणावयाचा असे त्याचे कारण सांगितले गेले, आणि उत्तरेकडील दर त्याच वेळी काहीसे खाली आले हेही खरे आहे. परंतु सोलापूरच्या वा नगरच्या दुष्काळग्रस्त कुणब्याला त्या समतेचे मोल काय वाटले असेल? दुष्काळ-निधीसाठी १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागीर यांवर परवाना-कर बसवला गेला, तेव्हा नोकरदार आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक त्यातून वगळले गेले. सुरतेत या करावरून दंगल झाली. मिठाच्या १८७७ मधील दरवाढीवरून कोठे दंगल झाल्याचे प्रसिद्ध नाही, आणि तशी ती होणे कठीणच होते, कारण किराणा दुकानात पैसा देणाऱ्यास आपण कर भरीत आहोत याची जाणीव क्वचितच असते.

१८८२ मध्ये मिठाचा दर २ रुपयांवर उतरला, १८८६ मध्ये प्राप्तिकर कायमचा म्हणून परत आला आणि १८८८ मध्ये मीठ पुन्हा २ रुपये ८ आण्यांवर गेले. हा दर १९०३ पर्यंत टिकला. या पंधरा वर्षांत दोन्ही कर शेजारी शेजारी नांदत असल्याने त्यांचा भार ताडून पाहण्यास हा काळ सर्वांत उपयुक्त आहे.

माणशी वर्षाला बारा पौंड मीठ लागते असे धरू. ८२ पौंडांच्या मणावर चाळीस आणे कर, म्हणजे माणशी सुमारे ५ आणे १० पै होतात. दादाभाई नवरोजींनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले होते, तर १८८२ मधील सरकारी अंदाज सत्तावीस रुपयांचा होता. दादाभाईंचा आकडा घेतला तर मिठाच्या एकट्या कराने उत्पन्नाचा शेकडा १.८ भाग जात असे, आणि सरकारी आकडा घेतला तर १.३५. आता १८८६ च्या कायद्याचा प्राप्तिकर पाहा. पाचशेपर्यंत काही नाही, दोन हजारांपर्यंत रुपयास चार पै, म्हणजे शेकडा २.०८, आणि त्यावर रुपयास पाच पै, म्हणजे शेकडा २.६. तात्पर्य, ज्याच्यावर प्राप्तिकर मुळीच नाही असे कायदा सांगत होता, तो शेतमजूर मिठाच्या रूपाने जवळजवळ कचेरीतील बड्या कारकुनाच्या दरानेच प्राप्तिकर भरीत होता. वीस हजार उत्पन्नाच्या आणि दहा माणसांच्या कुटुंबाचा मीठकर वर्षाकाठी साडेतीन-पावणेचार रुपये भरेल, प्राप्तिकर मात्र ५२० रुपयांवर. १८७३ साली जो कर उठला आणि जो राहिला, त्यांतील अंतर या दोन आकड्यांत आहे. मीठकर हा थोडा थोडा, नकळत आणि हप्त्यांनी भरला जातो म्हणून तो सुसह्य होय, असा युक्तिवाद सरकारपक्षाकडून केला जाई. भरणाऱ्याला कळत नाही हा कराचा गुण मानावयाचा की दोष, याविषयी मतभेद संभवतो. प्रातिनिधिक राज्यपद्धतीच्या दृष्टीने तो दोषच ठरतो.

हिंदी पुढाऱ्यांची या प्रश्नावरील भूमिका सरळ रेषेत गेलेली नाही, आणि तिचे नंतरच्या काळात जरा अधिकच गुळगुळीत चित्र रंगवले गेले आहे. साठ-सत्तरच्या दशकांत प्राप्तिकराविरुद्ध ज्या सभा झाल्या त्यांत सुशिक्षित हिंदी वर्ग पुढे होता. तथापि पुढे पुणे सार्वजनिक सभेच्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि विशेषतः गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारी जमाखर्चाचा जो चिकित्सक अभ्यास सुरू केला, त्याचे फळ गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अंदाजपत्रकीय भाषणांत दिसते. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अशा भाषणात गोखल्यांनी शिलकी अंदाजपत्रकांचा मुखवटा दूर करून मिठाचा कर कमी करण्याची मागणी केली, आणि त्याचबरोबर प्राप्तिकराची माफीमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर नेण्याचीही. दोन्ही मागण्या १९०३ मध्ये मान्य झाल्या. मीठ मणामागे आठ आण्यांनी उतरले, आणि १९०५ व १९०७ मधील कपातींनंतर ते एका रुपयावर आले.

१९०३ च्या दुहेरी सवलतीचा हिशेब मात्र बोलका आहे. मासिक पंचाहत्तर रुपये वेतनाचा मुंबईतील कारकून, वर्षाचे उत्पन्न नऊशे, आजवर चार पैच्या दराने १८ रुपये १२ आणे भरीत होता. ते सर्व वाचले. भांडुपच्या मिठागरावर राबणाऱ्या पाच माणसांच्या आगरी कुटुंबाची वर्षाची बचत सहा आण्यांच्या आत. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तरी कारकुनाला शेकडा दोन आणि मजुराला, त्याचे उत्पन्न शंभर रुपये धरल्यास, शेकडा एकाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. गोखल्यांना हे दिसत नव्हते असे नाही. मिठाच्या सवलतीची व्याप्ती कोट्यवधींची होती आणि प्राप्तिकराच्या सवलतीची काही थोड्यांची, हे त्यांचे उत्तर योग्यही होते. परंतु करसवलत मागण्याची वाचा ज्याला आहे त्याच्या वाट्याला दरमाणशी अधिक येते, हा अनुभव या वर्षीही बदलला नाही.

पुढील दोन दशकांत मीठकर पुन्हा वाढवण्याचे प्रयत्न झाले. १९२३ मध्ये कायदेमंडळाने नाकारला असता व्हाइसरॉय रीडिंग याने आपल्या विशेषाधिकाराने तो दुप्पट करून २ रुपये ८ आण्यांवर नेला, आणि वर्षभरात तो १ रुपया ४ आण्यांवर परत आणावा लागला. म्हणजे १९३० मध्ये महात्मा गांधींनी हा कर लढ्यासाठी निवडला तेव्हा त्याचा माणशी भार तीन आण्यांच्या आतच होता. अर्थशास्त्राच्या निकषावर तो गेल्या पन्नास वर्षांतील हलक्या भारांपैकी होय. याच कारणाने ही निवड आरंभी अनेक काँग्रेसजनांनाही चमत्कारिक वाटली. परंतु कोणालाही न वगळणारा कर हा सर्वांना एकत्र आणणाराही कर असतो. ज्या अदृश्यतेवर सरकारने सत्तर वर्षे भिस्त ठेवली होती तीच नाहीशी केली गेली, मूठभर मीठ उचलणे म्हणजे काय हे घराघरांत कळले. ६ एप्रिलला दांडीस कायदेभंग होताच जमनालाल बजाज प्रभृतींच्या नेतृत्वाखाली विलेपार्ले येथील छावणी उपनगरांतील सत्याग्रहाचे केंद्र बनली, आणि मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर स्वयंसेवकांचे व नागरिकांचे जथेच्या जथे चालून गेले. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने कर गेला नाही. मिठागरांलगतच्या गावकऱ्यांना घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची मुभा मात्र मिळाली.

कर गेला तो १९४७ साली. हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी २८ फेब्रुवारीस मांडलेल्या अंदाजपत्रकात मीठकर रद्द केला आणि त्याच भाषणात एक लाखाहून अधिक व्यापारी नफ्यावर शेकडा पंचवीसचा नवा कर सुचवला. हा १८७३ चा नेमका उलटा पालट होता. मुंबईच्या व्यापारी व उद्योगपती वर्गाने त्याविरुद्ध मोठे काहूर उठवले आणि नफ्यावरील कराचा दर मंजुरीपूर्वी खाली आणावा लागला. या अंदाजपत्रकामागे राजकीय हेतू होते की नव्हते, हा वाद फाळणीच्या इतिहासकारांवर सोपवणे बरे. करभाराच्या दिशेपुरते पाहिल्यास त्याचे मोल कमी होत नाही.

तथापि मीठ मोकळे झाले त्याच सुमारास प्रांतात दुसरा व्यापक वस्तुकर रुजत होता, आणि तो रुजण्याचे कारण तत्त्वज्ञानात नसून घटनेत होते. १९३५ च्या कायद्याने प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे ठेवला आणि मालाच्या विक्रीवरील कर प्रांतांना दिला. प्रांतिक मंत्रिमंडळाला पैसा हवा असेल तर त्याच्या हाती विक्रीकरावाचून फारसे काही नव्हते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी अमलात आणली, तेव्हा अबकारी उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी प्रथम शहरी स्थावर मालमत्तेवर भाडेमूल्याच्या शेकडा दहाचा कर घेतला. गरिबाच्या दारूवर उभे असलेले उत्पन्न घरमालकाच्या भाड्यावर हलवण्याचा हा यत्न होता, आणि मालमत्ताधारकांचा त्यास तितकाच कडवा विरोध झाला. पेट्रोल व गिरणीचे कापड यांच्या विक्रीवरील कराचा कायदाही त्याच वर्षीचा. युद्धानंतर १९४६ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आला आणि तो राहिला. १९५२ च्या बहुटप्पी कायद्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५३ व १९५९ च्या कायद्यांनी त्याची घडी पुन्हा पुन्हा बदलली. दारूबंदी शिथिल झाल्यावरही विक्रीकर उठला नाही. एका विशिष्ट तुटीसाठी म्हणून आणलेला व्यापक कर ती तूट सरली तरी मागे राहतो, असा अनुभव येथे येतो.

या दोन टोकांमधील तिसरी वाट निकोलस काल्डॉर याने १९५६ च्या आपल्या अहवालात दाखवली. वस्तूवर नव्हे, तर व्यक्तीच्या एकूण खर्चावर, चढत्या दराने कर घ्यावा, म्हणजे खर्चावरील कर असूनही तो गरिबाला लागणार नाही. १९५७ मध्ये तसा कायदा झाला, १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये संपला. कारण उघड आहे. खर्चाचा हिशेब घ्यावयाचा तर पुन्हा व्यक्तीचे दार ठोठवणे आलेच. खर्चावरील कराची जी प्रशासकीय सोय सांगितली जाते ती चौकीची सोय असते, आणि चौकीवर माणसाची ऐपत विचारता येत नाही.

चौकी या शब्दाला उपनगरांत अगदी अलीकडेपर्यंत प्रत्यक्ष अर्थ होता. महापालिकेने १९६५ मध्ये जकात सुरू केल्यावर मुलुंड आणि दहिसर येथील नाके शहराचे करद्वार बनले, आणि मालमोटारींच्या रांगा हे मुलुंडच्या जीवनाचे एक अंगच झाले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होताच हे नाके बंद पडले. प्रतीक्षेत जाणारा वेळ आणि तेथील गैरव्यवहार यांचा विचार करता त्यांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र स्वतःच्या अधिकाराने कर घेणारी महापालिका त्या दिवसापासून नुकसानभरपाईच्या मासिक हप्त्याची धनी झाली. आरंभीचा हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता. या कराचे दर ज्या परिषदेत ठरतात तिच्यात केंद्र व राज्ये यांना स्थान आहे, महापालिकांना नाही. सबंध देशासाठी विक्रीवरील एकच कर म्हटला की तो कोणावर पडतो याइतकाच तो कोणाच्या हातून सुटतो हाही प्रश्न उभा राहतो. प्राप्तिकर काढून त्याची जागा अशा करास देण्याच्या योजनांत या दुसऱ्या अंगाचा विचार फारसा आढळत नाही.

नव्या करात मिठावर शून्य दर आहे. इतिहासाचे एवढे ऋण मान्य झालेले दिसते. २०२५ मध्ये तर १९०३ प्रमाणेच दोन्ही बाजूंनी सवलत आली : नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर उरला नाही, आणि २२ सप्टेंबरपासून साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांसारख्या वस्तूंवरील वस्तू व सेवा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. बारा लाख उत्पन्नाच्या करदात्याची वर्षाची बचत ऐंशी हजार रुपये होते. महिन्याला पाचशे रुपये अशा वस्तूंवर खर्च करणाऱ्या घोटभर मिळकतीच्या घरात, दुकानदाराने उतरलेला कर पूर्णपणे किमतीत उतरवला असे धरले तरी, ती वर्षाला सहाशे साठ रुपयांच्या आसपास भरते.